डबलसीट, रस्ता संपेपर्यंत

जुन्या जालन्यातल्या माझ्या दुकानात छताला एक लोखंडी कॅरिअर टांगलेलं आहे. दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं, रुंद आणि दणकट, वर काथ्या भरलेली गादी बांधलेली. गिऱ्हाईक मान वर करून विचारतं, "मिस्त्री, हे केवढ्याला?" मी म्हणतो, विकायचं नाही. मग ते माझ्याकडे संशयानं बघतं. ज्या दुकानात ठिगळं लावलेली ट्यूबसुद्धा विकली जाते, तिथं हे एकच का विकायचं नाही, ते उभ्या उभ्या सांगता येत नाही. दिवाळी अंकानं जागा दिलीच आहे, तर आता बसून सांगतो.

मी सायकल मिस्त्री. जन्म पंक्चर काढण्यात गेला आणि उतारवयात एक भलतंच काम गळ्यात पडलं. आमच्याच गल्लीतली तेजस्विनी इंजिनिअर झाली, पुण्याला नोकरीला लागली आणि एक दिवस ती नोकरी सोडून परत आली. म्हणाली, "काका, मी सायकलच्या सहली काढणार आहे. अंदमानला." म्हणजे लोकांनी पैसे भरायचे, रजा काढायची आणि बेटांवर जाऊन घाम गाळायचा. माझ्या बायकोनं विचारलं, "अन् लोकं येतेत?" येतात. जालन्याचे आडत व्यापारी येतात, मास्तर येतात, डॉक्टर तर फार येतात. दिवसा नारळी-पोफळीतून आणि भाताच्या शेतांतून सायकल हाणायची, बोटीनं पुढच्या बेटावर जायचं, मुक्काम करायचा, परत सायकल. पाण्याच्या टँकरची वाट बघत म्हातारा झालेला मी, ऐन साठीत चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटांवर जाऊन चेनला तेल घालायला लागलो.

मिस्त्रीपणा हे त्यातलं अर्धंच काम. खाऱ्या हवेनं चेन रात्रीतून लाल होते, वाळू गिअरमध्ये जाऊन कुरकुरते, ते सगळं सकाळी उठून निस्तरायचं. उरलेलं अर्धं काम म्हणजे सगळ्यात शेवटी सायकल चालवायची. इंग्रजीत त्याला स्वीप म्हणतात, आमच्यात शेपूट. तेजस्विनी सगळ्यांच्या पुढे, मी सगळ्यांच्या मागे, आणि सामानाची गाडी अधूनमधून पुढच्या वळणावर जाऊन थांबलेली. शेपटाचा नियम एकच, शेवटच्या माणसाला कधीही मागे टाकायचं नाही. तो बैलगाडीच्या चालीनं गेला तर आपणही त्याच चालीनं जायचं.

यात एक गंमत शिकलो. दमलेला माणूस दमलो म्हणत नाही. चारचौघांत पैसे भरून आलेला असतो, त्याची लाज आड येते. मग मीच थांबायचो. "थांबा हो साहेब, माझीच चेन वाजून राह्यली," असं म्हणून खाली बसायचो आणि चांगल्या चेनला उगाच कुरवाळत राहायचो. तोवर साहेबांचा श्वास जागेवर यायचा. माझी चेन सगळ्या अंदमानात बदनाम झाली असेल, पण या एका खोटेपणामुळे कितीतरी लोकांची सहल पार पडली.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका कापडवाल्या शेठजींना सीट टोचायची म्हणून त्यांनी तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर उशी आणि उशीवर बायकोची शाल बांधली. शेवटी ते इतके उंच झाले की पाय पायडलला पोचेनात. एक डॉक्टर हँडलला लावलेल्या यंत्रातला वेग बघत चालवायचे. संध्याकाळी बाकीचे लोक दिवसभर पाहिलेल्या गोष्टी आठवत बसले की ते विचारायचे, "अरे, हे कुठं होतं?" त्यांना हसायचा मला अधिकार नव्हता. मी तरी काय बघत होतो? पुढच्याचं मागचं चाक. त्याच रस्त्यानं इतक्या वेळा गेलो, पण मला कुणी त्या बेटांबद्दल विचारलं असतं तर मी टायरची नक्षी सांगितली असती.

हे कळलं गयामावशींमुळे.

सहलीला निघण्याआधी सगळ्यांना एकदा जालन्याहून राजूरपर्यंत सायकल चालवावी लागायची. तेवढ्यात कुणाला काय झेपतं ते समजतं, आणि गणपतीचं दर्शनही होतं. त्या खेपेला धावड्याचं एक जोडपं थेट राजूरलाच भेटणार होतं. त्यांच्या मुलानं फोनवरून दोघांचं बुकिंग केलं होतं. आम्ही देवळापाशी पोचलो तर समोरून काळ्या सायकलवर एक पांढऱ्या टोपीचे आजोबा येताना दिसले, आणि मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आजी. लिंबाजीआबा आणि गयामावशी. सायकल यष्टीच्या टपावर टाकून आणली होती आणि फाट्यापासून चालवली होती. त्यांचं हे चालवणं बघून आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेजस्विनी मावशींना म्हणाली, "छान. आता तुम्ही चालवून दाखवा."

मावशी आबांकडे बघायला लागल्या. आबा म्हणाले, "ती कुठं चालवती? ती डबलशीट बसती."

"पण आबा, बुकिंग दोघांचं आहे. सायकली दोन आहेत."

"दोन कामून? माणसं दोन हायेत, सायकल एकच लागती. एक वापस घ्या तुमची."

आमच्या इतक्या सहली झाल्या, पण हा घोटाळा कुणी केला नव्हता. आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर तो घोटाळा नव्हताच. आमच्याकडे नवराबायको सायकलवर जातात म्हणजे असेच जातात. तेजस्विनीनं समजावलं की मावशी सामानाच्या गाडीत आरामात बसतील, एसी आहे. मावशी म्हणाल्या, "गाडीतच बसायचं त् आमची यष्टी काय वाईट व्हती?"

मग आबांनी खरी गोष्ट सांगितली. लग्न नवं असताना ते दोघं अंगारकीला धावड्याहून राजूरला सायकलवर यायचे, वाटेत भोकरदनला पाहुण्यांकडे मुक्काम करून. मावशींना चौकशा फार. हे झाड कशाचं, ही विहीर कुणाची, ती वस्ती कुठली. एकदा राजूरच्या पुढे जाणारा रस्ता बघून त्यांनी विचारलं, "ह्या रस्त्याच्या फुडं काय हाय?" आबांना ठाऊक होतं जालन्यापर्यंत. त्याच्या पुढे काय, त्याच्या पुढे काय, असं विचारता विचारता आबा वैतागून म्हणाले, "समुद्र! रस्ता संपतो तिथं समुद्र असतो. नेईन एकदा, डबलशीट." पुढे पोरं झाली, शेती झाली, कापूस झाला, मका झाली. समुद्र राहून गेला.

"बोललो व्हतो," आबा म्हणाले. "आता नेतो."

मला ते ऐकून एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी कामाला लागतो. जुन्या जालन्यातल्या भंगारवाल्याकडून हे कॅरिअर आणलं, वेल्डिंग करून पाय ठेवायला पायदान जोडलं, गादी शिवून घेतली. बेटांवरच्या सायकली भाड्याच्या, त्यांना कॅरिअर नसतं, म्हणून ते सामानात घालून नेलं. विमानतळावर तपासणीवाल्यानं पिशवी उघडायला लावली. "ये क्या है?" म्हणाला. मी म्हणालो, "सीट है." "किसकी?" "मौसी की." त्यानं मावशींकडे बघितलं, मावशींनी त्याला नमस्कार केला आणि त्याचं गाव कोणतं ते विचारलं.

विमानातून खाली समुद्र दिसला. सगळे खिडक्यांना चिकटले. आबांनी मावशींना निक्षून सांगितलं, "हा हिशेबात न्हाई." बोटीत काचेतून दिसला, तोही हिशेबात नव्हता. रस्ता संपेल तिथला पाहिजे. तसा रस्ता दुसऱ्या बेटावर होता. धक्क्यापासून निघून शेतांतून, जंगलातून जातो आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर संपतो. ती सहलीची अखेरची मजल होती.

पहिल्या बेटापासूनच हे दोघं सगळ्यांच्या मागे, म्हणजे माझ्या अगदी पुढे. आणि मावशींचं तोंड सकाळपासून चालू. "डाव्या अंगाला म्हैस बसली. फुडं पोरगं उभं हाय, हातात गुलेल. उजवीकून फटफटी आली, येऊ द्या, येऊ द्या, गेली. इथं खड्डा. बाई, सुपाऱ्या रस्त्यावरच वाळू घातल्या! अहो, कडंला घ्या, लोकाच्या सुपाऱ्या तुडवसाल." डाव्या बाजूला पाय सोडून बसलेल्या, तरी उजवीकडचं दिसावं म्हणून सारखी मान वळवायच्या. त्या खेपेला आलेल्या एका डॉक्टरांनी त्यांचं नाव धावडा आकाशवाणी ठेवलं. मावशींनाही ते आवडलं.

थांबलो की त्यांची फेरी निघायची. त्या बेटांवर बंगाली शेतकरी आहेत, त्यांच्या अंगणात त्या आमच्याकडच्या हिंदीत बिनधास्त शिरायच्या. "तुमच्या इधर बैल को क्या खिलाते? ये तळ्यातलं पानी मीठा है क्या? इतना पानी है तो तुमको नींद कैसे लगती?" ती शेवटची चौकशी ऐकून एक बंगाली म्हातारी इतकी हसली की तिनं मावशींना शहाळं दिलं आणि दिवसभराची मैत्रीण झाली. पाण्याच्या मुलखातली माणसं कशी जगतात हे मावशींना खरोखर जाणून घ्यायचं होतं. दुपारी त्या मला म्हणाल्या, "मिस्त्री, इथं विहिरीला केवढा उंच कठडा हाय. आपल्याकडं पाण्याला जपतेत, इथं पाण्यापासून जपतेत." मी त्या विहिरीवरून कितीदा गेलो असेन.

दुसऱ्या बेटावर शेवटच्या दिवशी भाताची शेतं संपली आणि जंगलातला चढ लागला. आबा हातात सायकल धरून चालायला लागले, मावशी बाजूनं चालू लागल्या. पुढून तेजस्विनी परत आली. मावशींचा चेहरा उन्हानं लालबुंद झालेला बघून म्हणाली, "मावशी, चढ-उतार गाडीत बसा. खाली सपाटीला आबा तुम्हाला परत घेतील." मावशी जागच्या हलेनात. आबांकडे बघत राहिल्या. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. शेवटी आबाच म्हणाले, "जा. बस जा." त्या गेल्या, बाकीचेही पुढे निघून गेले, आणि चढावर आम्ही दोघंच राहिलो.

माथा आला. पुढे छान उतार, सावलीचा. या उतारासाठी लोक सगळा चढ सोसतात. आबा सायकलवर बसेनात. चाकाकडे बघत म्हणाले, "मिस्त्री, हवा गेली वाटतं."

मी अंगठ्यानं टायर दाबला. दगडासारखा टणक. दुसरा दाबला, तोही तसाच. आणि मी ओळखलं. ही माझीच थाप होती. माझी चेन वाजते तशीच आबांची हवा गेली होती.

"दमलात का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मंग काय झालं?"

आबांनी दोन्ही हातांच्या बोटांचं एक वाटोळं भोक केलं आणि डोळ्यांपुढे धरलं. "एवढंच दिसतं. समोरचं. बाजूचं समदं गेलं. काचबिंदू हाय. डॉक्टर म्हणले, गेलं ते वापस येत न्हाई, हाय ते किती टिकल सांगता येत न्हाई."

 इतके दिवस मी त्यांच्या मागे होतो. म्हैस, पोरगं, फटफटी, खड्डा. आकाशवाणी म्हणून हसलो होतो आम्ही. ती बाई नवऱ्याला रस्ता वाचून दाखवत होती.

मला राग आला, तो सांगायला हवा. खूप राग आला. मी म्हणालो, "आबा, पोराला म्हाईत हाय?" ते म्हणाले, "डोळ्याचं म्हाईत हाय. त्याला वाटलं, आम्ही गाडीत बसून फिरून राह्यलो." मी म्हणालो, "अन् एखादी गाडी आली असती आडवी? मावशी मागं बसलेली. त्या पोरीचा सगळा धंदा बुडाला असता." आबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तुझं बराबर हाय. पण सांगितलं असतं त् तुम्ही आणलं असतं का?" नसतं आणलं.  दोघं सायकली हातात धरून उतारावरून पायी खाली आलो. मी त्यांच्या उजव्या बाजूला, माझ्या नकळत "इथं दगड हाय आबा" म्हणत.

खाली गाडी उभी होती, आणि गाडीत न बसता मावशी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, वर वळणाकडे डोळे लावून. आम्ही दिसलो तशा मटकन खाली बसल्या. मी तेजस्विनीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "नाही काका. आता नाही. दोघांनाही गाडीत बसवा." तिचं चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

मावशींनी ते ऐकलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि पुढे बघत विचारलं, "पोरी, ह्या रस्त्याच्या फुडं काय हाय?"

तेजस्विनीनं रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "समुद्र आहे मावशी. रस्ता संपतो."

"मंग किती राह्यलं?"

"थोडंच राहिलंय. सपाट आहे."

 आबांनी सायकल माझ्याकडे ढकलली आणि मुठीवरून हात काढले. माझ्यानं ते बघवेना. मी म्हणालो, "तेजू, आबांना समोरचं दिसतं. मी पुढे जातो. माझं हे नारिंगी जाकीट बघत ते येतील. बाजूचं मावशी सांगतील. उजवीकडून तू चाल. गाडी दिवे लावून मागे राहू दे. चालण्याच्या वेगानं जाऊ. मी हात वर केला की सगळे उभे."

 ती सायकलवर बसून एकटी पुढे गेली, रस्ता शेवटपर्यंत बघून आली. "दुकानं लागली की उतरायचं," म्हणाली. "तिथून चालत. कबूल?" आबा लहान पोरासारखे मान हलवत होते.

शेपटानं पुढे व्हायचं ती पहिलीच वेळ. समोर कुणाचंही चाक नाही, नुसता रस्ता. मागे वळून बघायची सोय नव्हती, कारण माझी पाठ हलली तर आबांचा रस्ता हलला असता. म्हणून मी नुसता ऐकत होतो. मावशींचा आवाज आधी कापत होता, मग हळूहळू जुन्या लयीत आला. "डावीकडं उंच झाडं, लई उंच, बुंधाच कोठारासारखा. उजवीकडं पोरगी हाय आपली, तिच्याकडं जाऊ नका. कोंबडी, पिल्लं घेऊन चालली, थांबा, गेली. एकानं अंगणात व्हडी पालथी घातली अन् तिच्यावर वाळवण टाकलं." मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. खरंच, पालथ्या होडीवर कसलंसं वाळवण होतं. दर खेपेला मी तिथून गेलो होतो, आणि ते मला मावशींच्या तोंडून कळत होतं.  मनात मी राजूरच्या गणपतीला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही.

दुकानं आली. मी हात वर केला. मागे ब्रेक कुरकुरला आणि मावशी म्हणाल्या, "उतरले मी."

पुढचं अंतर चाललो. डांबर संपलं, वाळू लागली, झाडांची सावली संपली आणि समोर एकदम उजेड झाला. सहलीतले बाकीचे लोक आधीच पाण्यात होते. डॉक्टरांनी आम्हाला बघून हात केला, पण कुणी जवळ आलं नाही. आबांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोवलं आणि मावशींचा हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. मी मागे सायकल धरून उभा.

आबा बराच वेळ समोर बघत होते. मग मान न वळवता म्हणाले, "डावीकडं काय हाय?"

डावीकडे दाट जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं होतं. मावशींनी तिकडे नीट बघितलं. चार दिवसांत त्यांनी एक कोंबडी, एक दगड सुटू दिला नव्हता.

"पाणी," त्या म्हणाल्या.

"अन् उजवीकडं?"

उजवीकडे काळे खडक होते, त्यांच्यापलीकडे टेकडी होती, खडकांपाशी दोन होड्या बांधलेल्या होत्या.

"पाणीच हाय."

आबा हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच बघितलं.

"मंग त् मला समदा दिसला की," ते म्हणाले.